कपड्यांवरचे डाग ओळखणे आणि काढणे

कपड्यावर सांडलेलं काही धाग्यात शिरून बसलं आणि नेहमीच्या धुण्यात निघालं नाही की तो डाग. तो कशाचा आहे हे आधी ओळखायचं आणि मगच हात लावायचा, कारण एका डागावर जे लागू पडतं तेच दुसऱ्याला कायमचं पक्कं करतं. सगळ्यात जास्त नुकसान गरम पाणी आणि इस्त्री करतात, म्हणून डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर इस्त्री फिरवायची नाही.

ओळखताना डागाची जागा, वास आणि स्पर्श तिन्ही बघायचं. कॉलरवर आणि काखेत पिवळट असेल तर घाम आणि अंगाचं तेल. तेल-तुपाचा डाग उभ्या-आडव्या धाग्यांवरून पसरतो आणि उजेडासमोर धरला की तिथलं कापड आरपार दिसतं. साखरेचा डाग कडक लागतो, नखाने खरवडला की पांढरा पडतो. हुक, लोखंडी बटण किंवा वाळत घालायची तार जिथे टेकते तिथला तांबूस डाग गंजाचा.

पुण्यात सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात चिवट म्हणजे मिसळीच्या तर्रीचा. यात तेल, मिरचीचा लाल रंग आणि हळद असं तिन्ही एकत्र असतं, आणि मिरचीचा रंग तेलातच विरघळलेला असतो, म्हणून आधी तेल काढायचं. टिपकागदाने किंवा टिश्यूने वरचं टिपून घ्या, चोळू नका, मग टाल्कम पावडर नाहीतर खडूची पूड टाकून थोडा वेळ ठेवा, झटका आणि भांडी घासायचं लिक्विड कोरड्या डागावरच लावा. साबण लागला की हळद एकदम लालभडक होते आणि लोक घाबरतात, पण तो फक्त हळदीतल्या कर्क्युमिनचा रंग अल्कलीमुळे बदललेला असतो, नीट खळबळलं की परत पिवळा. उरलेला पिवळा डाग उन्हात टाकायचा, कर्क्युमिन उजेडात फिकं पडतं, त्यामुळे कडक उन्हासारखा सोपा उपाय दुसरा नाही. पावसाळ्यात मात्र धीर धरावा लागतो.

अमृततुल्यच्या चहात दूध, साखर आणि टॅनिन (चहाच्या पानातला तुरट घटक) असतं. आधी गार पाण्याने दूध-साखर काढा, साखर राहिली तर इस्त्रीखाली तपकिरी होते. मग पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून लावा. साबणाची वडी सुरुवातीलाच घासू नका, टॅनिन त्याने अजून घट्ट बसतं. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल ओला करायच्या आधी कोरडाच झटकायचा, शक्य असेल तर ब्रशने, पाणी पडलं की रंग आत जातो. चिखलाचंही तसंच, वाळू द्या मग घासा. ओढणी किंवा पॅन्टला लागलेलं गाडीच्या चेनचं ग्रीस आधी थोड्या खायच्या तेलाने सैल करायचं आणि मग भांड्याच्या लिक्विडने धुवायचं. बॉलपेनच्या शाईला सर्जिकल स्पिरिट, खाली जुनं फडकं ठेवून.

रक्ताला फक्त गार पाणी, गरम पाण्याने त्यातलं प्रोटीन गोठतं आणि डाग बसतो. पांढऱ्या सुती कपड्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून वापरा. गंजावर ब्लीच टाकलं तर डाग आणखी वाढतो, तिथे लिंबू आणि मीठ लावून ऊन दाखवायचं, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

रेशीम आणि लोकर यांचं वेगळं आहे, ते स्वतःच प्रोटीन आहेत. क्लोरीन ब्लीचने ते पिवळे पडून विरतात आणि एन्झाइमवाली, म्हणजे प्रोटीन तोडणारी, पावडरही त्यांना मारक आहे. कुठलंही ब्लीच टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नका, क्लोरीन ब्लीचमधून विषारी क्लोरीन गॅस निघतो. नवीन काहीही लावायचं तर आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून रंग जातोय का बघा. कपड्याच्या लेबलवर त्रिकोण म्हणजे ब्लीच आणि गोल म्हणजे ड्रायक्लीन, त्यावर फुली असेल तर ते करायचं नाही.

पैठणीवर लग्नात पुरणपोळीचं तूप सांडलं तर घरी प्रयोग करू नका, पाणी लागलं की रेशमावर वेगळाच गोल उमटतो आणि जरही काळी पडू शकते. पावडर टाकून तूप शोषून घ्या आणि लवकरात लवकर ड्रायक्लीनवाल्याकडे न्या. काय सांडलंय, कधी सांडलंय आणि घरी त्यावर काय लावलं हे त्यांना नीट सांगा, त्यावरूनच ते केमिकल ठरवतात.