हंगामारंभीचा घोडा आणि त्याचा भाव

पणजीच्या काठावरून मांडवीत उभ्या दिसणाऱ्या कॅसिनो बोटींमुळे गोमंतकीय वाचकाला रूलेटचे चक्र निदान ऐकून तरी ठाऊक असते. युरोपीय पद्धतीच्या चक्राला ३७ खाने असतात आणि एका आकड्यावर लावलेला रुपया जिंकला तर वर ३५ रुपये मिळतात, त्यामुळे चालकाचा वाटा दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे इतका ठरलेला असतो. मागच्या दहा फेऱ्यांत कोणते आकडे आले याचा कितीही अभ्यास केला तरी हा वाटा कमी होत नाही. घोड्यांच्या शर्यतीचे तसे नाही. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ही शर्यत प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. घोड्याचा वंश, त्याची तयारी, पाठीवरचे वजन, जॉकी, मैदानाची स्थिती या गोष्टींचा निकालाशी खरा संबंध असतो आणि त्या जाणणाऱ्याचा अंदाज न जाणणाऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो. मात्र हे ज्ञान वर्षभर सारखे नसते. हंगामाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते सर्वांत विरळ असते, आणि उत्साह मात्र नेमका तेव्हाच सर्वांत जास्त असतो.

गोव्यात शर्यतीचे मैदान नाही. ज्यांना प्रत्यक्ष शर्यत पाहायची असते त्यांना पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे लागते. पश्चिम भारतातील शर्यतींचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. हिवाळा आणि उन्हाळ्याचा पूर्वार्ध मुंबईच्या महालक्ष्मी मैदानाचा, तर पावसाळा पुण्याचा. पुण्याचा हंगाम साधारण जुलैत सुरू होतो. त्या वेळी मैदानात उतरणाऱ्या बहुतेक घोड्यांच्या अलीकडच्या नोंदी मुंबईच्या कोरड्या, टणक जमिनीवरच्या असतात, आणि पुण्यात त्यांच्या खुरांखाली पावसाने भिजलेले गवत येते. जमिनीचा हा फरक मोजण्यासाठी पेनिट्रोमीटर नावाचे साधन वापरतात. ठराविक वजन ठराविक उंचीवरून सोडल्यावर त्याचा दांडा जमिनीत किती खोल जातो यावरून मैदानाचा मऊपणा आकड्यात सांगता येतो. आकडा मिळतो, पण एखादा विशिष्ट घोडा त्या मऊ जमिनीवर कसा धावेल हे तो घोडा तशा जमिनीवर आधी धावला असेल तरच कळते. इंग्लंडमध्ये सपाट मैदानावरच्या, अडथळे नसलेल्या शर्यतींचा मुख्य हंगाम वसंतात सुरू होतो आणि तिथेही हाच प्रश्न उलट्या क्रमाने येतो: शरद ऋतूतल्या नोंदी हाती असतात, मधला हिवाळा कोरा असतो आणि एप्रिलच्या मध्याला न्यूमार्केटवर उतरलेला तीन वर्षांचा घोडा शरीराने पूर्वीचा राहिलेला नसतो.

या कोऱ्या काळात घोड्याच्या शरीरात काय घडते हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचे हृदय सुमारे चार ते पाच किलो वजनाचे असते. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे हे हृदय पूर्ण वेगात २२० ते २४० ठोक्यांपर्यंत जाते. धावायला सुरुवात होताच प्लीहा आकुंचन पावते आणि तिच्यात साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, त्यामुळे रक्तातील या पेशींचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असते ते साठ टक्क्यांच्या पुढे जाते. चौखूर धावताना घोड्याचा श्वास त्याच्या झेपेशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. ही सारी यंत्रणा विश्रांतीच्या काळात एकदम कोलमडत नाही. प्राणवायू वापरण्याची घोड्याची क्षमता माणसाच्या तुलनेत सावकाश घटते. अडचण वेगळीच आहे, ती अशी की शरीराचे सगळे भाग सारख्या गतीने पुन्हा तयार होत नाहीत. दमसास आधी परततो, स्नायू त्यामागून येतात, आणि हाडे व स्नायुबंध सर्वांत मागे राहतात. हाड ताणाला उत्तर म्हणून घट्ट होत जाते आणि त्याला महिने लागतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड नुनामेकर यांनी तरुण घोड्यांच्या नडगीच्या हाडाच्या दुखण्यावर केलेल्या कामातून असे दिसले की सरावात कमी अंतराच्या, पण शर्यतीच्या वेगाजवळच्या धावा नियमित घेतल्या तर हाड योग्य दिशेने घट्ट होते आणि हे दुखणे कमी होते. जाणता ट्रेनर म्हणूनच घाई करत नाही. पहिल्या शर्यतीत तो घोडा ऐंशी टक्के तयार ठेवतो की शंभर टक्के, हे पुढच्या मोठ्या शर्यतींचे वेळापत्रक पाहून ठरते, आणि त्याचा हा निर्णय रेसबुकात छापलेला नसतो. जपान आणि हाँगकाँगमध्ये शर्यतीआधी घोड्याचे शारीरिक वजन जाहीर करतात. मागच्या धावेपेक्षा ते बरेच वाढलेले दिसले तर तयारी अपुरी असल्याची शंका घेता येते. ही पद्धत सर्वत्र असायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण घोड्याच्या तंदुरुस्तीविषयी सामान्य प्रेक्षकाला मिळणारा तो जवळजवळ एकमेव मोजलेला पुरावा आहे.

वयाचाही मुद्दा आहे. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी मानतात, मग जन्म जानेवारीतला असो की मेमधला. चार महिन्यांचा हा फरक प्रौढ घोड्यात पुसला जातो, पण वाढीच्या वयात तो मोठा असतो. कोवळ्या घोड्यांना वजनात सवलत देण्याचे कोष्टक १९व्या शतकात ॲडमिरल हेन्री रूस यांनी घालून दिले आणि त्याची सुधारलेली रूपे आजही चालतात. त्या कोष्टकात सरासरी वाढ गृहीत धरलेली असते. एखादा घोडा विश्रांतीच्या काळात सरासरीहून जास्त वाढला असेल, तर हँडिकॅपरने, म्हणजे कोणत्या घोड्याने पाठीवर किती वजन वाहायचे हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, गेल्या हंगामाच्या नोंदींवरून ठरवलेले वजन त्याला हलके पडते, आणि हंगामारंभी नफ्याची खरी संधी असते ती बहुधा अशाच घोड्यात. तो ओळखायचा कसा, हा प्रश्न मात्र उरतो.

इथून पुढे संख्याशास्त्र मदतीला येते. एक काल्पनिक घोडा घेऊ. गेल्या हंगामात तो तीनदा धावला आणि दोनदा जिंकला, म्हणजे यशाचे प्रमाण ६७ टक्के. दहा घोड्यांच्या पुढच्या शर्यतीत त्याची शक्यता ६७ टक्के आहे असे कोणी म्हणणार नाही, पण मग किती धरावी? काहीच ठाऊक नसलेल्या घोड्याची शक्यता दहा टक्के मानली आणि या मूळ समजुतीला दहा शर्यतींइतके वजन दिले, तर एकूण तेरा शर्यतींत तीन विजय होतात आणि उत्तर सुमारे २३ टक्के येते. तोच घोडा तीस शर्यतींत वीस वेळा जिंकलेला असता, तर याच रीतीने उत्तर ५२ टक्क्यांच्या वर गेले असते. थोड्या नोंदींना सरासरीकडे ओढून घेण्याच्या या रीतीमागे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून मांडलेले निरीक्षण आहे: टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सहसा सरासरीच्या जवळ येते. मूळ समजुतीला किती वजन द्यायचे हे घोड्यांमध्ये मुळात किती फरक आहे यावर ठरते, आणि मध्ये दोन-तीन महिन्यांची विश्रांती गेली असेल, जमीन बदलली असेल, तर ते वजन आणखी वाढवावे लागते. परिणाम असा की जुलैत सगळ्या घोड्यांच्या शक्यता एकमेकींच्या जवळ सरकतात. फेव्हरिट, म्हणजे जिंकेल असे बहुतेकांना वाटणारा घोडा, तितका भक्कम राहत नाही, आणि अप्रसिद्ध घोडा तितका निराशाजनकही राहत नाही.

आता भावाकडे वळू. सहा घोड्यांच्या एका शर्यतीत बुकीने रुपयाला अनुक्रमे दोन, तीन, चार, सहा, आठ आणि दहा रुपये असे भाव दिले आहेत असे समजा. रुपयाला दोन म्हणजे जिंकल्यास लावलेल्या रुपयाच्या वर दोन रुपये, अर्थात तीनात एक शक्यता, ३३.३ टक्के, त्याच रीतीने पुढच्या घोड्यांचे २५, २०, १४.३, ११.१ आणि ९.१ टक्के. यांची बेरीज १०० यायला हवी, ती ११२.८ येते. वरचे १२.८ हे बुकीचे संरक्षण आहे, आणि ते काढून टाकल्यावर रुपयाला चार भावाच्या घोड्याची बाजारमान्य शक्यता २० नव्हे तर १७.७ टक्के उरते. हे संरक्षण सर्व घोड्यांवर सारखे पसरलेले नसते. आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ साली अमेरिकी शर्यतींच्या नोंदींवरून दाखवले की लोक मोठ्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. हाँगकाँगमध्ये मात्र १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा कल आढळला नाही, म्हणून त्याला नियम मानून डोळे झाकून पैसे लावणे चुकीचे ठरेल. टोटमध्ये, म्हणजे सामूहिक पैजेच्या पद्धतीत, बुकी नसतो. सर्वांचे पैसे एकत्र करून, कपात वजा जाता, विजेत्यांत वाटले जातात. ही पद्धत १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी आणली आणि तिचे पहिले स्वयंचलित यंत्र जॉर्ज ज्यूलियस यांनी १९१३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एलर्सली मैदानावर बसवले. मुळात ते यंत्र त्यांनी मते मोजण्यासाठी आखले होते.

निवड करताना होणारी सर्वांत खोल चूक इथे दडलेली आहे, आणि ती लक्षात आणून द्यावी म्हणूनच हा लेख लिहिला आहे. समजा बाजारातले सहाही भाव खऱ्या शक्यतांशी जुळणारे आहेत, आणि आपण प्रत्येक घोड्याची शक्यता स्वतंत्रपणे आजमावली. आपले सहा अंदाज थोडे थोडे चुकणारच, काही वर, काही खाली. त्यातून आपण ज्या घोड्याचा भाव सर्वांत फायद्याचा दिसतो तो निवडतो, म्हणजे नेमका तोच घोडा निवडतो ज्याच्याविषयी आपण सर्वांत जास्त आशावादी चूक केली आहे. घोडे जितके जास्त आणि अंदाज जितके ढोबळ, तितकी ही निवडलेली चूक मोठी. हंगामारंभी दोन्ही गोष्टी एकत्र येतात, कारण नवे घोडे जास्त असतात आणि नोंदी जुन्या असतात.

भांडवलाचा किती भाग पैजेवर लावावा हे सांगणाऱ्या, जॉन केली यांनी १९५६ साली मांडलेल्या सूत्रात हे आकड्यांनी दिसते. भाव रुपयाला चार असताना आपला अंदाज २५ टक्के असेल, तर ते सूत्र भांडवलाच्या ६.२५ टक्के रक्कम लावायला सांगते. खरी शक्यता २० टक्के निघाली तर योग्य रक्कम शून्य होते. पाच टक्क्यांची चूक पूर्ण पैज पुसून टाकते, आणि एवढी चूक जुलैत सहज होते. म्हणून सावध अभ्यासक सूत्राने सांगितलेल्या रकमेच्या निम्मी किंवा त्याहून कमी रक्कम लावतात. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने शर्यतींचे गणित मांडणाऱ्या विल्यम बेंटर यांनी १९९४ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. तिचे मर्म असे की त्यांनी स्वतःच्या प्रारूपाचा अंदाज आणि लोकांनी ठरवलेला भाव यांचा मेळ घातला, कारण भावात तबेल्यातली, सकाळच्या सरावातली अशी माहिती मुरलेली असते जी कोष्टकांत येत नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी या मेळात बाजाराच्या भावाला जास्त वजन द्यावे आणि स्वतःच्या आकड्याला कमी, असे माझे स्पष्ट मत आहे. शर्यत सुरू होण्याआधी एखाद्या दीर्घ विश्रांतीनंतरच्या घोड्याचा भाव ठळकपणे उतरत असेल, म्हणजे त्याच्यावर पैसे वाढत असतील, तर त्याच्या तयारीविषयी कोणाला तरी काही ठाऊक असण्याची शक्यता असते.

भारतात या गणितात एक मोठा आकडा आणखी मिळवावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांना ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे आणि तो कमिशनवर नव्हे, तर पैजेच्या पूर्ण रकमेवर आकारला जातो. वर सांगितलेले सर्व नियम पाळून मिळणारी आघाडी जास्तीत जास्त काही टक्क्यांची असते. एवढ्या करापुढे ती टिकत नाही. त्यामुळे पुण्याच्या पहिल्या दिवशी पैसे खिशात ठेवून नोंदी करणे हाच मला सर्वांत शास्त्रशुद्ध मार्ग वाटतो: पेनिट्रोमीटरचा आकडा, विश्रांतीनंतर आलेला घोडा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये थकला की वेग राखून राहिला, सुरुवातीचा भाव आणि शेवटचा भाव. तीन-चार आठवड्यांनी तेच घोडे त्याच जमिनीवर दुसऱ्यांदा उतरतात, तेव्हा मूळ समजुतीचे वजन कमी करता येते आणि प्रत्येक घोड्याचा स्वतःचा आकडा उमटू लागतो.