वॉरंटीत असूनही रिपेअर करून देत नाहीत? ग्राहक आयोगात तक्रार कोण करू शकतं, कशी करायची, काय कागद लागतात

वॉरंटी चालू आहे, वस्तू बंद पडलीये आणि सर्व्हिस सेंटरवाले एक तर "पार्ट मागवलाय" म्हणून नुसत्या तारखा देतायत, नाहीतर "फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात वर करतायत. अशा वेळी बहुतेक लोक थोडे दिवस भांडतात आणि मग वैतागून खिशातले पैसे घालून काम करून घेतात. कृपया असं करू नका. वॉरंटीतली दुरुस्ती म्हणजे कंपनीचे उपकार नाहीत, तिचे पैसे आपण वस्तूच्या किमतीतच मोजलेले असतात. आणि अगदीच अडलं म्हणून पैसे भरावे लागले तर "हे काम वॉरंटीत बसतं, माझा आक्षेप आहे, तो नोंदवून पैसे भरतोय" एवढा ईमेल आधी टाका, मगच भरा.

यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. जुने लोक अजून "ग्राहक मंच" म्हणतात, आता त्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग म्हणतात. पण आयोगात काय होणार ते बऱ्याच अंशी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच ठरतं, म्हणून आधी तिथलंच सांगतो.

वस्तू जमा करताना जॉब शीट मिळते, ती घाईत सही करून खिशात घालू नका, तिथेच उभं राहून वाचा. त्यात तुम्ही सांगितलेला बिघाड लिहिण्याची जागा असते आणि तिथे बऱ्याचदा नुसतं "चेक करणे" असं काहीतरी मोघम लिहिलेलं असतं. "दहा मिनिटांत आपोआप बंद होतो, चार्जिंग घेत नाही" असं जे खरोखर होतंय तेच लिहून घ्या. दुसरी जागा वस्तूच्या अवस्थेची. स्क्रॅच, डेंट, पाणी गेल्याच्या खुणा यावर टिक केलेली असते, आणि तुमच्या वस्तूवर ओरखडा नसताना तिथे टिक असेल तर सही करायच्या आधी खोडून घ्या, कारण पुढे हीच टिक दाखवून "आमच्याकडे आली तेव्हाच डॅमेज होती" असं सांगितलं जातं. जमा करण्यापूर्वी काउंटरवरच चारही बाजूंचे फोटो आणि बिघाड दिसेल असा छोटा व्हिडिओ काढा, सिरियल नंबर दिसू दे. "वॉरंटीत बसत नाही" असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा, कारणासकट. नाही दिलं तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा की आज तुमच्या सेंटरने अमुक कारण सांगून दुरुस्ती नाकारली आणि लेखी द्यायलाही नकार दिला. हा ईमेलसुद्धा पुरावाच आहे.

अजून एक, ओटीपी. काम झालेलं नसताना "सिस्टीममध्ये अपडेट करायचंय" म्हणून ओटीपी मागतात, तो दिला की तक्रार क्लोज होते आणि रेकॉर्डवर तुमचं समाधान झालेलं दिसतं. काम होऊन वस्तू चालू दिसेपर्यंत ओटीपी द्यायचा नाही.

आता तक्रार कोण करू शकतं ते बघू. पैसे देऊन वस्तू घेतलेला कोणीही ग्राहक, दुकानातून घेतली असो वा ऑनलाइन. बिल दुसऱ्याच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच धरला जातो, म्हणजे मुलाने आईला फोन घेऊन दिला असेल तर आईसुद्धा तक्रार करू शकते. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यावसायिक कामासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे, उदाहरणार्थ घरी शिवणकाम करणाऱ्या बाईचं मशीन. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडलं तिथपासून. इथे खूप जण फसतात, कंपनीशी ईमेल-ईमेल खेळत बसतात आणि त्यांना वाटतं की बोलणं चालू आहे म्हणजे मुदतही पुढे जातेय, तर तसं होत नाही. उशीर झालाच तर योग्य कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण तो मान्य होईलच असं धरून चालू नका.

थेट आयोगात गेलात तरी कायद्याने अडत नाही, पण आधी दोन पायऱ्या करून घ्या, निम्मं काम कधीकधी तिथेच होतं. पहिली, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार, कस्टमर केअरच्या फोनवर नाही तर ईमेलवर. वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात निवारण करणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे, ईमेलमध्ये त्याचा उल्लेख जरूर करा. दुसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, व्हॉट्सअ‍ॅपवर ८८००००१९१५, शिवाय उमंग अ‍ॅपवरूनही तक्रार टाकता येते. मराठीत बोललात तरी चालतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे तक्रार सरळ त्यांच्याकडे जाते आणि जे सेंटरवाले फोन उचलत नव्हते त्यांचाच फोन येतो. पण हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही हे लक्षात ठेवा. कंपनी ढिम्म राहिली तर तक्रार क्रमांक आणि कंपनीचं उत्तर जपून ठेवून पुढे जायचं.

पुढे म्हणजे नोटीस. कायद्यात सक्ती नाही पण माझं मत विचाराल तर पाठवाच. साध्या भाषेत, काय घेतलं, कधी घेतलं, काय बिघडलं, किती वेळा सेंटरला गेलो, काय पाहिजे, आणि १५ दिवसांत नाही केलं तर आयोगात जाणार. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि डिलिव्हरी झाल्याचं ट्रॅकिंगचं पान सेव्ह करा. वकिलाचं लेटरहेड लागतंच असं काही नाही.

आयोगात तक्रार आता ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, हे पोर्टल १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, त्याआधी ई-दाखिल होतं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे फ्रीज, मोबाइल, वॉशिंग मशीन सगळं इथेच. कोणता जिल्हा? तर तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता तो, कंपनीचं ऑफिस कुठेही असू दे. फी बघून दचकू नका, ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००. इथे धरतात ती वस्तूची दिलेली किंमत, तुम्ही मागितलेली भरपाई नाही.

कागदपत्रं तारखेच्या क्रमाने लावा, पानांना नंबर द्या. बिल, वॉरंटी कार्ड किंवा वॉरंटीच्या अटींचं पान, सगळ्या जॉब शीट, ईमेल, चॅटचे स्क्रीनशॉट ज्यात तारीख आणि नंबर दिसतोय, फोटो, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक, नोटीस आणि तिची पावती, ओळखपत्र, आणि तक्रारीतला मजकूर खरा आहे असं प्रतिज्ञापत्र. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून डुप्लिकेट मागा, ऑनलाइन घेतलं असेल तर अकाउंटमध्ये इनव्हॉइस सापडतो, तेही नसेल तर बँक स्टेटमेंट जोडा. या सगळ्यावर सुरुवातीला एक पानभर तारीखवार तक्ता लावा, कोणत्या दिवशी काय झालं आणि त्याचा कागद कितव्या पानावर. सदस्यांना प्रकरण समजायला हा तक्ता सगळ्यात उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात जिल्हा आयोगात तक्रार मराठीत लिहिता येते आणि तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता, वकील सक्तीचा नाही. सामनेवाले म्हणून उत्पादक कंपनी, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही घाला, नाहीतर हजर असलेला गैरहजर असलेल्यावर ढकलतो. मागणी स्पष्ट लिहा. दुरुस्ती, ती जमत नसेल तर नवी वस्तू, तेही नाही तर व्याजासह पैसे परत, शिवाय मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. जे मागितलंच नाही ते मिळेल अशी आशा ठेवू नका.

तक्रार दाखल करून घेतली की सामनेवाल्यांना नोटीस जाते, त्यांना उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर वाढीव १५ दिवस मिळतात. तडजोड शक्य वाटली तर आयोग दोघांच्या संमतीने मध्यस्थीकडे पाठवतो, ऑफर चांगली असेल तर घ्या, फक्त लेखी घ्या. बिघाड कारखान्यातलाच की वापरताना झालेला हा वाद असेल तर वस्तू लॅबकडे तपासणीला पाठवायची तरतूद आहे, म्हणून तक्रार चालू असताना ती वस्तू बाहेर कुठे उघडू नका, विकू तर अजिबात नका. सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहायचं असेल तर तसा अर्ज करता येतो. निकाल कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागायला हवा, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, ती तयारी ठेवा.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. कंपनीला अपील करायचं असेल तर आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. आणि आदेश तुमच्या बाजूने होऊनही कंपनी पैसे देत नसेल तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा, आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार ते १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. त्यासाठी आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकाल लागला की लगेच काढून ठेवा.