शेपटीचं फोलेट, बिनशेपटीचं फोलेट

लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरने मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा छडा लावला. यीस्टचा अर्क दिला की रक्त सुधारतं, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, बी-९ जीवनसत्त्व. कारखान्यात बनवलेलं फोलिक ॲसिड आलं ते १९४५ मध्ये, अमेरिकेच्या लेडर्ले प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली.

यातलं अंगी जास्त काय लागतं? ‘नैसर्गिक तेच उत्तम’ म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

पालक, चवळी, हरभऱ्यातल्या फोलेटला बहुधा ग्लुटामेट या अमिनो आम्लाच्या कड्यांची लांब शेपटी असते. तिच्यासकट ते आतड्याच्या पेशीत शिरत नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरचं एक विकर (एन्झाइम) कड्या तोडत जातं. एकच उरली की फोलेट आत जातं. या विकराला जस्त लागतं. त्यात भाजी उकळून पाणी ओतून दिलं, तर बरंचसं फोलेट मोरीतच गेलं. पोटात पोचतं त्यातलं साधारण निम्मं शोषलं जातं असं धरतात.

फोलिक ॲसिडला मुळात एकच कडी. जेवणासोबत घेतलं तर सुमारे ८५ टक्के, रिकाम्या पोटी जवळजवळ सगळं शोषलं जातं.

पण आत शिरलं म्हणजे काम झालं असं नाही. फोलिक ॲसिड शरीराला तसंच वापरता येत नाही; आधी त्याचं रूप बदलावं लागतं, आणि ते बदलणारं विकर माणसाच्या यकृतात फार संथ चालतं. म्हणून एका वेळी २०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की थोडं फोलिक ॲसिड न बदलता रक्तात फिरताना सापडतं. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी या भीतीवर ‘सक्रिय’, म्हणजे आधीच रूप बदललेल्या फोलेटच्या महागड्या बाटल्या खपतात. (तेही कारखान्यातच बनतं!)

गर्भाच्या मज्जारज्जूतले दोष टळतात, याचा भक्कम पुरावा फोलिक ॲसिडचाच आहे. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या गर्भात असा दोष आढळलेल्या स्त्रियांमध्ये तो पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मात्र मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणून गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करायला सांगतात.

शाकाहाऱ्यांनी एक पाहावं. बी-१२ कमी असताना फोलिक ॲसिडचे मोठे डोस घेतले, तर पंडुरोग सुधारतो, पण मज्जातंतूंची झीज आतून चालूच राहते.