थायरॉइड वाढला की छाती का धडधडते?

रामबाग, इंदूर येथील आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या ग्राहकांसाठी

"टीएसएच कमी आलाय, म्हणजे थायरॉइड कमी ना?" काउंटरवर हे रोज कुणीतरी विचारतंच. उत्तर बहुतेक वेळा उलटं असतं. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा थायरॉइडला हुकूम. गळ्यातली ग्रंथी आधीच जास्त हार्मोन सोडत असली, की वरून हुकूम येणं बंद होतं. म्हणून टीएसएच ०.४ च्या बराच खाली, आणि सोबत फ्री टी-४ किंवा टी-३, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, चढलेलं.

हे जादा हार्मोन थेट हृदयावर चालतं. ठोके वाढतात, जोरात पडतात. वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं. जिना चढून आल्यावर नाडी शंभर झाली तर काही बिघडत नाही. पण सकाळी अंथरुणातच, पोहे-जिलबी आणि चहाच्या आधी, ती शंभरावर असेल तर लिहून ठेवा. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण ताल चुकतोय का तेही बघायचंय. ठोके कसेही, वेळीअवेळी पडत असतील तर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं) असू शकतं; हृदयात रक्त साकळून गुठळी मेंदूत गेली की लकवा. साठीनंतर हा धोका जास्त. आजी-आजोबांमध्ये हात थरथरणं, घाम ही लक्षणं दिसतीलच असं नाही, नुसतं वजन उतरतं, दम लागतो, आणि घरचे म्हणतात, "वय झालं."

छातीत दुखलं, भोवळ आली, श्वास कोंडला तर लॅबमध्ये येऊ नका, थेट इस्पितळात जा.

रक्त देताना गोळ्यांची नावं सांगा. थायरॉक्सिनचा (थायरॉइड कमी असल्यावर घ्यायच्या गोळीचा) डोस जास्त झाला तरी हेच चित्र दिसतं. हृदयाच्या तालासाठीच्या अमियोडेरोनमध्ये भरपूर आयोडीन असतं, त्यानेही थायरॉइड बिघडतो. आणि केसांसाठीचं बायोटिन! काही यंत्रांवर ते निरोगी माणसाचा रिपोर्टही थायरॉइड वाढल्यासारखा दाखवतं. डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. (केस गळतात ते थायरॉइडमुळेही, ही गंमत वेगळीच.)

उपचार सुरू झाल्यावर फ्री टी-४ सुधारला तरी टीएसएच काही महिने खालीच राहू शकतो. दर आठवड्याला तपासून घाबरू नका. आमचा गल्ला भरेल, तुमचा उपयोग नाही. पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हाच, बहुधा ४ ते ६ आठवड्यांनी. उपाशी यायची गरज नाही.