एअर लॉकरनं एक्सल तुटते? नाही राजेहो

आपल्या यवतमाळ-वाशिमकडे गॅरेजवर लय वर्षांपासून एकच ऐकतो, की एअर लॉकर (बटण दाबलं का हवेच्या दाबानं दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारं डिफरन्शियल) बसवला का मागची दोन्ही चाकं कायमची एकमेकांशी लॉक होतात आन डांबरी रोडवर वळताना एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, तुटते. साफ चूक आहे हे.

बटण बंद असलं का तो साधा ओपन डिफरन्शियलच (दोन्ही चाकांले वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) राह्यते, वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरते, आतलं कमी. बटण दाबलं की कॉम्प्रेसरची हवा, साधारण 100 पीएसआय दाबाची, आतला पिस्टन ढकलते, साइड गिअर (एक्सलले जोडलेला गिअर) केसिंगले, म्हणजे डिफरन्शियलच्या खोक्याले, लॉक होते आन मग पावसाळ्यात काळ्या मातीत एक चाक नुसतं गरगरत असलं तरी दुसरं गाडी ओढते. नळी फुटली, हवा गेली, तर स्प्रिंग त्याले परत मोकळं करते.

एक्सलवर ताण येते तो लॉक चालूच ठेवून कोरड्या रोडवर गाडी वळवली तर. आन फिटिंग कच्ची असली तर क्राउन-पिनियनचा (इंजिनची ताकद एक्सलकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीचा) घात होते, बॅकलॅश (या दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजनं न मोजता अंदाजानं शिम (पातळ चकत्या) टाकू देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असो. हवेची नळी सायलेन्सरपासून लांबून न्या, नाहीतर वितळते.