यूएसबी कार्ड : पीसीआयचं की आयएसएचं?

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत जेकार्डची डिझाइनं सांभाळणारा एखादा डॉस किंवा विंडोज ९८ चा संगणक अजून चालू असतो. त्यातलं सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला लावलेल्या डाँगलशिवाय (परवाना तपासणाऱ्या छोट्या जोडणीशिवाय) उघडत नाही, म्हणून मशीन बदलता येत नाही. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र थकलेला असतो, म्हणून फाइल बाहेर निघत नाही. अशा वेळी सल्ला मिळतो, "यूएसबी कार्ड टाका." पण या एका नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात: एक पीसीआय स्लॉटचं कार्ड, दुसरं त्याहून जुन्या आयएसए स्लॉटचं. दोन्ही मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसतात, दोन्हींच्या पत्र्यावर तोच चौकोनी पोर्ट असतो, आणि एकीकडून करायच्या कामासाठी दुसरी घेतली की पैसे वाया जातात.

पीसीआय कार्डावर यूएसबीचा पुरा कंट्रोलर, म्हणजे यूएसबीचा सगळा कारभार बघणारी चिप, असतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्याशी थेट बोलते आणि ड्रायव्हर मिळाला तर पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटर, स्कॅनर काहीही चालतं. आयएसए कार्डावर बहुतेक वेळा सीएच३७५ ही चिप असते. पेन ड्राइव्हशी बोलायचं सगळं काम ती स्वतःच्या पोटात करते आणि संगणकाला फक्त डेटाचे ब्लॉक देते. म्हणजे पहिल्या कार्डाने मशीनला यूएसबी मिळतं. दुसऱ्याने एक जास्तीचा ड्राइव्ह मिळतो, बस. आयएसए कार्डात यूएसबी कीबोर्ड लावला तर तो चालणार नाही, कारण सोबतचा डॉस ड्रायव्हर फक्त डिस्क ओळखतो.

हा फरक मुळात बसचा, म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याचा आहे. यूएसबी कंट्रोलरला प्रोसेसरची वाट न बघता मेमरीत स्वतः लिहिता-वाचता यावं लागतं. १९९२ साली आलेल्या पीसीआयमध्ये ती सोय सरसकट आहे आणि वेगही आहे: ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला १३३ मेगाबाइटपर्यंत. आयएसएची मुळं १९८१ च्या आयबीएम पीसीत आहेत आणि ती साधारण ८ मेगाहर्ट्झवर चालते. तिच्यावर पुरा कंट्रोलर बसवण्यापेक्षा अर्धं काम चिपमध्येच उरकणं सोपं पडतं, म्हणून तसं कार्ड निघालं.

तेव्हा खरेदीआधी केस उघडून स्लॉट बघा. लांब काळा स्लॉट आयएसएचा. त्याला पुढे आणखी एक तुकडा जोडलेला असेल तर १६ बिटचा. आखूड आणि बहुधा पांढरा तो पीसीआयचा. ८०८८, २८६, ३८६ आणि बऱ्याचशा ४८६ मशीनमध्ये पीसीआय नसतोच, तिथे आयएसए कार्डाला पर्याय नाही. पेंटियम ते पेंटियम ३ च्या अनेक बोर्डांवर दोन्ही असतात. तिथे पीसीआयच घ्यावं, डॉस चालवायचं असलं तरी. नव्या बोर्डांवरचा छोटा काळा पीसीआय एक्सप्रेस हा तिसराच प्रकार. त्याचं कार्ड या दोन्हींत बसत नाही.

पीसीआय कार्ड घेताना चिपवरचं नाव वाचा. जुन्या बोर्डांसाठी एनईसीच्या चिपचं कार्ड, म्हणजे µपीडी७२०१०१ किंवा त्याआधीचं ७२०१००, आमच्या मते सगळ्यात भरवशाचं. त्यात दोन ओएचसीआय (यूएसबी १.१ च्या मंद वेगाचे) आणि एक ईएचसीआय (यूएसबी २.० च्या वेगाचा) असे कंट्रोलर असतात. व्हीआयएच्या व्हीटी६२१२ मध्ये ओएचसीआयच्या जागी यूएचसीआय (तोच वेग, वेगळी पद्धत) असतो. डॉसचा ड्रायव्हर लावताना हा फरक लागतो.

पीसीआय कार्ड बसवूनही मशीनला दिसत नाही, याचं सगळ्यात दुर्लक्षित राहणारं कारण म्हणजे ३.३ व्होल्ट. कार्डाच्या सोनेरी दातांत दोन खाचा असतील तर ते ५ व्होल्टच्या जुन्या स्लॉटमध्ये बसतं. मागच्या पत्र्याजवळ एकच खाच असेल तर ते फक्त ३.३ व्होल्टचं, दाबून बसवायचा प्रयत्नही करू नका. पण दोन खाचा असल्या म्हणजे काम झालं असंही नाही. चिपला आतून ३.३ व्होल्ट लागतात आणि काही कार्डं ते स्लॉटमधून घेतात. जुन्या एटी पॉवर सप्लायमध्ये ३.३ ची लाइनच नसते, त्यामुळे अनेक बोर्डांवर स्लॉटच्या त्या पिना कोरड्या असतात. कार्ड नीट बसतं, पण मशीनला ते दिसत नाही. म्हणून ज्या कार्डावर ५ चे ३.३ करणारा छोटा तीन पायांचा रेग्युलेटर आहे (त्यावर बहुधा १११७ छापलेलं असतं) तेच निवडा. मल्टिमीटर लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: एटीनंतर आलेल्या एटीएक्स सप्लायमध्ये नारिंगी वायर ३.३ व्होल्टची असते, पण एटीच्या पी८ प्लगमध्ये नारिंगी वायर 'पॉवर गुड' सिग्नलची असते. रंग बघून ३.३ समजाल तर फसाल.

कार्ड बसवण्याआधी मशीन बंद करा, केबल काढा आणि केसच्या उघड्या धातूला हात लावा. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात स्थिर वीज पटकन साठते. कारखान्यातल्या मशीनच्या स्लॉटमध्ये सुताची लव घट्ट बसलेली असते. मऊ ब्रश आणि ब्लोअरने ती काढा, कार्डाचे दात खोडरबरने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) 'पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड' 'नो' करा, म्हणजे कार्डाला इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) बायोसच वाटून देईल. तरीही कार्ड अडलं तर स्लॉट बदला. ग्राफिक्स कार्डाच्या एजीपी स्लॉटशेजारचा स्लॉट अनेकदा ग्राफिक्स कार्डाशी इंटरप्ट वाटून घेतो.

विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये यूएसबी आहे, पण कोणताही पेन ड्राइव्ह ओळखणारा सर्वसाधारण ड्रायव्हर नाही. त्यासाठी एनयूएसबी नावाचं पॅकेज वापरतात. क्रम महत्त्वाचा: आधी सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधल्या जुन्या यूएसबी आणि अनोळखी नोंदी काढा, मग पॅकेज टाका, रीस्टार्ट करा, आणि पेन ड्राइव्ह सगळ्यात शेवटी लावा. ईएचसीआयचा ड्रायव्हर नाही मिळाला तर कार्ड १२ मेगाबिटवर चालतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट. डिझाइनच्या फाइलींना तेवढं पुष्कळ.

याच कार्डावर शुद्ध डॉस चालवायचं असेल तर डॉस सुरू होताना वाचतं त्या कॉन्फिग डॉट सिस फाइलमध्ये दोन ओळी लागतात: आधी यूएसबीएएसपीआय डॉट सिस, मग डीआय१०००डीडी डॉट सिस. पहिलीला 'स्लॅश व्ही' दिलं की काय सापडलं ते पडद्यावर दिसतं. 'स्लॅश ई', 'स्लॅश ओ', 'स्लॅश यू' यांनी अनुक्रमे ईएचसीआय, ओएचसीआय, यूएचसीआय एवढ्यापुरताच शोध मर्यादित राहतो. मशीन शोधताना लटकत असेल तर एकेक करून बघा. मशीन बूट होण्याआधीच पेन ड्राइव्ह लावलेला हवा.

आयएसए कार्डाचं काम त्या मानाने थोडक्यात होतं. जंपरने (कार्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) कार्डाचा पत्ता ठरवायचा, बहुधा २६० एच (हेक्साडेसिमल), आणि ड्रायव्हरच्या ओळीत तोच पत्ता द्यायचा. दोन्ही जुळले नाहीत तर ड्रायव्हर 'चिप सापडली नाही' म्हणून सोडून देतो. मशीनमध्ये साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड असेल तर त्याचा पत्ता तपासा: ते सहसा २२० वर असतं, पण २४०, २६०, २८० वरही लावता येतं. काही पेन ड्राइव्ह या चिपशी जमत नाहीत, म्हणून दोन-तीन कंपन्यांचे जुने, लहान ड्राइव्ह हाताशी ठेवा. यूएसबी हब लावू नका.

दोन्ही कार्डांवर सारखीच अडचण येते ती फॉरमॅटची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीची. आज ६४ जीबीचा नवा ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतो आणि ९८ किंवा डॉसला तो वाचता येत नाही. डॉस ६.२२ साठी २ जीबीपर्यंतचं एक प्रायमरी पार्टिशन करून ते फॅट१६ मध्ये फॉरमॅट करा, डॉस ३.३ ला पार्टिशनची मर्यादा ३२ एमबी आहे. विंडोज ९८ ला ३२ जीबीपर्यंतचं फॅट३२ चालतं. डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अधिक तीन अक्षरांतच ठेवा.

यूएसबीवरून बूट करायची अपेक्षा ठेवू नका. जुन्या बायोसला बाहेरून लावलेल्या पीसीआय कार्डाची ओळख नसते, त्यामुळे बायोस सेटअपसाठी पीएस/२ किंवा जुना गोल पिनचा कीबोर्ड जपून ठेवायलाच हवा. विंडोज एनटी ४ मध्ये तर मुळात यूएसबीच नाही आणि डॉसचा ड्रायव्हर तिथे चालत नाही. तिथे नेटवर्क कार्ड टाकलेलं बरं.

'यूएसबी ब्रॅकेट' नावाची तिसरी वस्तूही यात मिसळते. तो फक्त पत्रा, दोन पोर्ट आणि वायर, चिप नसते. १९९६ नंतरच्या काही पेंटियम बोर्डांच्या चिपसेटमध्ये यूएसबी आधीच असतं, बोर्डावर नुसत्या पिना ठेवलेल्या असतात. तिथे कार्ड न घेता ब्रॅकेट पुरतो. पण त्या काळी या पिनांची रचना ठरलेली नव्हती. मॅन्युअल बघून एकेक वायर जुळवा, आणि पेन ड्राइव्ह लावण्याआधी पोर्टच्या कडेच्या दोन संपर्कांवर ५ व्होल्ट सरळ येतात का ते मीटरने बघा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे झाले तर ड्राइव्ह जळतो.

फाइल कॉपी झाल्यावर डॉसमध्ये स्मार्टड्राइव्ह (डिस्कचा मजकूर आधी मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, साठवणारा प्रोग्राम) चालू असेल तर 'स्मार्टडीआरव्ही स्लॅश सी' दिल्याशिवाय पेन ड्राइव्ह काढू नका. डायरेक्टरीत नाव दिसत असलं तरी मजकूर तोवर कॅशमध्येच अडकलेला असू शकतो.