पोर्टलंडच्या सनदेची एकशे बारा वर्षे

अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात १ जानेवारी २०२५ पासून नवी राज्यपद्धती लागू झाली. त्यापूर्वीची पद्धत १९१३ पासून चालत आलेली होती. ती मोडायला शहराला इतका काळ का लागला, हे समजण्यासाठी प्रथम तिथल्या नगरसनदेचे, म्हणजे शहराच्या कारभाराची रचना ठरवणाऱ्या मूळ कायद्याचे, स्वरूप पाहावे लागते. आपल्याकडे मुंबई महापालिका १८८८ च्या अधिनियमावर चालते आणि त्यातली कलमे बदलण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे आहे. ओरेगनमध्ये मात्र १९०६ च्या घटनादुरुस्तीने शहराची सनद करण्याचा व बदलण्याचा अधिकार त्या शहराच्या मतदारांनाच दिला. त्यामुळे नगरसभेत सनदेवर कितीही खल झाला, तरी शेवटचा शब्द मतपेटीचा असतो.

१९१३ मध्ये पोर्टलंडने स्वीकारलेल्या पद्धतीचा उगम टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे आहे. सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात ते बंदर उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे दगावली आणि पुनर्बांधणीसाठी शहराचा कारभार मोजक्या कमिशनरांच्या हाती देण्यात आला. प्रत्येकाने एकेक खाते सांभाळायचे आणि सर्वांनी मिळून कायदेही करायचे, अशी ती रचना होती. आपल्याकडे आयुक्त म्हटले की शासनाने नेमलेला सनदी अधिकारी डोळ्यांसमोर येतो. हे कमिशनर मात्र निवडून आलेले असत. आणीबाणीत जन्मलेला हा उपाय पुढे शेकडो शहरांनी उचलला आणि त्यातील बहुतेकांनी काही दशकांत टाकूनही दिला. खुद्द गॅल्व्हेस्टनने तो १९६० मध्ये सोडला. मोठ्या शहरांपैकी पोर्टलंड तेवढे त्याला धरून राहिले.

तिथे मेयर व चार कमिशनर अशी पाच जणांची सभा असे आणि पाचही जण संपूर्ण शहरातून निवडून येत. कोणते खाते कोणाकडे द्यायचे हे मेयर ठरवी. पाणीपुरवठा, उद्याने, रस्ते, अग्निशमन यांपैकी कशाचाही अनुभव नसलेली व्यक्ती त्या खात्याची प्रमुख होऊ शकत असे आणि खातेबदल झाला की तिची घडी पुन्हा विस्कटत असे. अर्थसंकल्पाच्या वेळी प्रत्येक कमिशनर आपापल्या खात्याचा वकील होई. पदपथांवर तंबू ठोकून राहणाऱ्या बेघरांचा प्रश्न तीव्र झाला, तेव्हा या रचनेतली खोट उघडी पडली, कारण तो प्रश्न एका खात्यात मावणारा नव्हता.

दुसरे गाऱ्हाणे भूगोलाचे होते, आणि माझ्या मते तेच अधिक खोल होते. शहराच्या पूर्वेकडील मोठा पट्टा १९८० च्या दशकात व त्यानंतर पोर्टलंडमध्ये सामील करण्यात आला. तिथले कित्येक रस्ते पदपथांविना होते, काही तर कच्चेच होते. घरे तुलनेने स्वस्त असल्यामुळे पुढे स्थलांतरित आणि अल्प उत्पन्नाची कुटुंबे तिकडे सरकली. पण संपूर्ण शहरातून निवडून यायचे तर प्रचाराला पैसा लागतो. त्यामुळे सभेत या भागातले रहिवासी क्वचितच पोहोचले. आपल्या गल्लीसाठी हक्काने जाब विचारावा असा नगरसेवकच तिथल्या माणसाला नव्हता.

पद्धत बदलण्याचे प्रस्ताव अनेकदा मतदारांपुढे आले आणि दर वेळी पडले. मे २००७ मध्ये मेयर टॉम पॉटर यांच्या कारकिर्दीतील प्रस्ताव तर सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी फेटाळला. मात्र त्याच दिवशी एक फारसा गाजावाजा न झालेला प्रस्ताव संमत झाला : किमान दर दहा वर्षांनी वीस नागरिकांचा सनद आयोग नेमायचा आणि त्यातील पंधरा जणांचे एकमत झाले तर त्यांची शिफारस नगरसभेला वळसा घालून थेट मतदारांकडे न्यायची. पुढचा सगळा बदल या तरतुदीच्या दारातून आत आला. ज्यांची पदे जाणार होती, त्यांच्याच हातात कात्री राहिली नाही.

डिसेंबर २०२० मध्ये नेमलेल्या आयोगाने जून २०२२ मध्ये सतरा विरुद्ध तीन मतांनी आराखडा मंजूर केला. चार प्रभाग, प्रत्येकी तीन सदस्य, पसंतीक्रमाने मतदान, सभेबाहेर राहणारा व नकाराधिकार नसलेला मेयर आणि सर्व खात्यांवर एक व्यावसायिक प्रशासक, असे ते एकच गाठोडे होते. इतक्या गोष्टी एकत्र बांधल्याबद्दल व्यापारी संघटना न्यायालयात गेली, तर तत्कालीन कमिशनर मिंगस मॅप्स यांनी उघड विरोध केला. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ५८ टक्के मतांनी आराखडा संमत झाला.

बहुसदस्यीय प्रभाग पुणेकरांना नवा नाही, पण पुण्यात २०१७ साली मतदाराने चार जागांसाठी चार वेगळी मते दिली होती. पोर्टलंडची रीत आपले आमदार राज्यसभेसाठी मत देतात तिच्या जवळची आहे. तीन जागांसाठी एक चतुर्थांशापेक्षा थोडी अधिक मते मिळाली की उमेदवार निवडून येतो आणि त्याची जादा मते पुढच्या पसंतीकडे वळतात. त्यामुळे एका गटाला तिन्ही जागा खिशात घालणे अवघड होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बारा जागांसाठी सुमारे शंभर उमेदवार उभे राहिले. मेयरपदी मालवाहतूक कंपनीचे मालक कीथ विल्सन निवडून आले, तर सनद आयोगाच्या सदस्य राहिलेल्या कँडेस अव्हालोस पूर्वेकडील पहिल्या प्रभागातून सभेत आल्या. विरोधाभास असा की ज्या भागासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच प्रभागात मतदान सर्वांत कमी झाले.

नव्या सनदेतला पेच पहिल्याच बैठकीत दिसला. बारभाईंचा कारभार म्हटल्यावर मते समसमान पडणार, हे गणित सरळ होते. सभेच्या अध्यक्षपदासाठी सहा विरुद्ध सहा अशी कोंडी झाली आणि नऊ फेऱ्यांनंतर एलाना पर्टल-गाइनी यांची निवड झाली.